ओळीपुरती खिडकी

६ जानेवारी

परीक्षेला बसणार! साहेबांना हो म्हणून आले.

साहेब म्हणाले, "सुगम्यतेचं काम वाढतंय. आपल्याकडे सर्टिफिकेटवालं कुणीतरी हवं. जो काढेल, टीम त्याच्याकडे." टीम! इतकी वर्षं मी लोकांच्या वेबसाइट्समधल्या खोडी काढत बसलेय — हे बटण कीबोर्डने दाबता येत नाही, त्या चित्राला वर्णन नाही, अंध माणसाने ह्या फॉर्मचं करायचं काय — आणि अजून नुसती टेस्टर.

परीक्षा दोन आहेत. एक पायाची: अपंगत्वाचे प्रकार, कायदे, तत्त्वं, जाडजूड पुस्तक. दुसरी तांत्रिक: नुसता कोड. मी तांत्रिकच देणार. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

१० जानेवारी

साहेबांनी मार्गदर्शक म्हणून एक्सप्रेसताईंशी गाठ घालून दिलीय. दुसऱ्या कंपनीत ऑडिटर आहेत. जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यांच्या लॅपटॉपमधला आवाज इतक्या वेगाने बोलतो की मला वाटलं मशीन बिघडलं. म्हणून सगळे एक्सप्रेस म्हणतात. त्यांना हे माहीत आहे आणि आवडतंही.

आमच्या कँटीनमध्ये भेटल्या. पहिलाच प्रश्न — "तांत्रिक का?"

"सोपी जाईल."

"ती सोपी जाईल म्हणून, की दुसरी अवघड जाईल म्हणून?"

मी चहा ढवळत बसले. मग त्याच म्हणाल्या, "हे बघ, बटण कसं दुरुस्त करायचं ते तुला येतंच. का करायचं ते आधी शीक. आधी पायाची दे." मी मान डोलावली. आणि मग जीभ चावली.

"मान डोलावलीस ना आत्ता?" ताई म्हणाल्या आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. इतकी वर्षं हे काम करून मी ही चूक केली! पण त्या हसण्यामुळेच बरं वाटलं. बाई आवडल्या मला.

म्हणजे पायाची. जाडजूड पुस्तक. देवा!

११ जानेवारी

बाबांना सांगितलं. "परीक्षा? ह्या वयात? मग पेपर कोण वाचणार?"

ही आमच्या घरची जुनी शिक्षा. मला अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हापासून सकाळचा चहा झाला की बाबांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. आई होती तेव्हा म्हणायची, "अहो, तुम्हीच वाचा की, पोरीला कशाला जुंपता?" तर म्हणे पोरीचा आवाज खुलला पाहिजे. आता खुलून खुलून फाटायची वेळ आली तरी सुटका नाही. बाबांचा चष्मा कायम हरवलेला. ह्या माणसाने जन्मभर घड्याळातली केसाएवढी कमान चिमट्याने बसवली. दुकान बंद केलं तरी अजून शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बसतात. पण पेपर आला की चष्मा गायब! आळस, दुसरं काय.

एक मात्र खरं. खिडकी त्यांनीच करून दिली. शाळेत माझ्या डोळ्यांपुढे ओळी सरकायच्या. एका ओळीवरून दुसरीवर घसरायचे, आणि बाई म्हणायच्या, धांदरट. बाबांनी घड्याळाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यात ब्लेडने एका ओळीपुरती फट कापली. "ही ओळीवर ठेव. फटीत दिसतं तेवढंच वाच. बाकीचं जग गेलं खड्ड्यात." अजून माझ्या पर्समध्ये आहे, कडांना चिकटपट्टी लावून लावून जाड झालेली. ऑफिसात कुणी पाहिलेली नाही.

१७ जानेवारी

आज काय गंमत! पुस्तकाची नवी आवृत्ती ऑफिसात कुणीतरी स्कॅन करून ठेवलीय. ताईंनी उघडली तर लॅपटॉपमधला आवाज म्हणाला, "चित्र." पुढचं पान, "चित्र." त्याच्या पुढचं, "चित्र." सुगम्यतेचं पुस्तक, आणि तेच अंध माणसाला वाचता येत नाही! आम्ही दोघी हसून हसून बेजार.

मग ताई म्हणाल्या, "नीट प्रत मागवू. तोवर तू वाच, मी ऐकते."

हसू जिरलं. मोठ्याने, परक्या माणसापुढे. खिडकी काढली आणि वाचलं. त्यांना खिडकी दिसत नाही ह्याचं चक्क बरं वाटलं. तशी निभावले. निभावले बहुतेक.

२४ जानेवारी

नाही निभावले.

"एक विचारू? राग मानू नकोस," ताई म्हणाल्या. "तू आत्ता वाचलंस, 'मदत मागितल्यावर मिळायला हवी.' मागच्या परिच्छेदाशी ते जुळत नाही. तिथे 'न मागता' असणार."

बघितलं. 'न मागताच' होतं.

"तू अर्धं वाचतेस आणि अर्धं जुळवतेस. अर्थ बहुतेक वेळा बरोबर लागतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकून वाचलंय. वाचणाऱ्याचा श्वास कुठे अडतो ते मला कळतं." आणि मग हळूच, "म्हणून तांत्रिक हवी होती ना? कोडच्या ओळी आखूड असतात."

मला मीटिंग आहे म्हणाले आणि उठले. कसली मीटिंग! बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२५ जानेवारी

ज्यांना डोळे आहेत त्यांना जन्मात दिसलं नाही, आणि हिला दिसलं!

२९ जानेवारी

ताईंचाच फोन. मी उचलणार नव्हते. उचलला.

त्यांनी तो विषयच काढला नाही आधी. मग म्हणाल्या, "परीक्षेच्या फॉर्मवर एक चौकोन आहे, जादा वेळ किंवा दुसरी काही सोय हवी का. काय भरलंस?"

"नाही."

"का?"

मी पटकन बोलून गेले, "मला काय धाड भरलीय? तुम्हाला लागतं ते वेगळं." बोलले आणि वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

ताई म्हणाल्या, "मी वाचक घेतला होता. जादा वेळ घेतला होता. माझं सर्टिफिकेट अर्धं आहे का गं?"

त्यांनीच सोडवलं. "बरं, मला सांग, गेल्या महिन्यातल्या रिपोर्टात ग्राहकाला कुणी लिहिलं होतं — 'सोय मागताना माणसाला शरम वाटू नये अशा जागी हा पर्याय ठेवा'? तुझ्या साहेबांनी मला दाखवला होता."

मीच लिहिलं होतं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर मला सगळं दिसतं!

भीती एवढीच नाही. साहेबांना कळलं तर? जिला धड वाचता येत नाही तिच्या हाती टीम देतील? ताईंना हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी तपासून घे. नाव तरी कळू दे कशाचं ते. मी येते बरोबर." येते बरोबर! त्या घरून निघणार, दोन बस बदलणार, माझ्यासाठी. कोण लागते मी त्यांची?

२ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील, चिडवतील. नाही. चेहराच उतरला.

"सवलत? आपल्या घरात कुणी कधी सवलत मागितली नाही. मी एवढं दुकान चालवलं, कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही. वाचता येतं तुला. मी ऐकतो ना रोज!"

"येतं बाबा, पण जीव जातो."

ते उठून आतल्या खोलीत गेले. पेपर टेबलावर तसाच. आज वाच म्हणालेसुद्धा नाहीत. एवढं त्यांना का लागावं, काही कळत नाही.

९ फेब्रुवारी

तपासणी झाली. साधी खोली, खिडकीत एक कुंडी, तपासणीच्या बाई माझ्याच वयाच्या. शब्द वाचायला लावले, नसलेले शब्द वाचायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले. मी घामाघूम. ताई बाहेर बाकावर.

मध्येच पर्समधून माझी खिडकी काढली तर बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "आम्ही मुलांना हेच देतो, फक्त प्लास्टिकचं. तुम्हाला कुणी सुचवलं?"

"बाबांनी. घड्याळं दुरुस्त करायचे."

"त्यांना बरं सुचलं! घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"छे! बाबांना तर पेपरातली बातमी न् बातमी पाठ असते."

डिस्लेक्सिया. बाईंनी शब्द उच्चारला आणि मी लहान पोरासारखी रडले. वाईट वाटून नाही. धांदरट नाही, आळशी नाही, ढ नाही! बाहेर आले तर ताईंनी न विचारता हात पुढे केला. "चल, भजी खायला नेते म्हटलं असतं, पण तू रडून नाक चोंदवलंयस, चव लागायची नाही. चहाच घेऊ." तो चहा मी विसरणार नाही.

१० फेब्रुवारी

फॉर्मवरचं 'नाही' काढून 'हो'वर खूण केली. जादा वेळ, आणि प्रश्न कानात वाचून दाखवणारा आवाज.

साहेबांनाही सांगून टाकलं. ते कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाले, "बरं. रिपोर्ट कधी चुकलेत का तुमचे? मग झालं तर." एवढंच! ह्या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होते.

२१ फेब्रुवारी

नीट प्रत आली. आता पुस्तक मी वाचत नाही, ऐकते. ताईंनी फोनमध्ये आवाज लावायला शिकवलं. सुरुवातीला गोगलगाय, आता पॅसेंजर. "परीक्षेपर्यंत तुला जलद करते," म्हणतात. बसमध्ये ऐकते, भांडी घासताना ऐकते. तत्त्वं डोक्यात जातायत! एवढं जाड पुस्तक मला आवडतंय हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

शनिवारी ताई उलटसुलट प्रश्न विचारून पिसं काढतात. चुकले की म्हणतात, "मान डोलावू नकोस, उत्तर दे."

१ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात फोन पुस्तक वाचत होता. बाबा दारात. "ही बाई कोण आणलीस घरात?"

"वाचते ती, बाबा. पेपरपण वाचते. तुम्हाला लावून देऊ? माझी सुटका!" त्यांच्यासमोर आजचा पेपर लावून दाखवला. इथे दाबायचं, इथे हळू करायचं.

"नको मला ती. तू वाच."

पण चहा निवला तरी ऐकत बसले होते. मग मी वाचला, खिडकी ठेवून. आमचं पुन्हा सुरळीत झालं म्हणायचं.

१२ मार्च

उद्या. ताईंचा निरोप: "आता पुस्तक मिट. तुला येतंय." त्यांनी म्हटलं म्हणजे येत असणार.

१३ मार्च

दिली! वेगळी छोटी खोली, कानाला हेडफोन. पर्यवेक्षकाने खिडकी हातात घेऊन उजेडात धरून पाहिली, मागे काही लिहिलंय का ते, आणि गुपचूप परत दिली. पहिल्यांदाच शेवटच्या प्रश्नापर्यंत धाप न लागता पोचले. ओळी सरकल्या तर सरकू दे, आवाज सरकत नव्हता.

२० मार्च

पास! पास! पास!

ताईंना फोन केला, दोघी एकदमच ओरडलो. शेवटी त्या म्हणाल्या, "मान डोलावतेय मी, बघ." मी त्यांना काय देऊ? काही देण्यासारखं नाहीच. टीम हाती आली की पहिल्याच दिवशी त्यांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की मला वाचायला ह्यांनी शिकवलं.

बाबा म्हणाले, "हं." पाठीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. विचारलं, "त्या जादा वेळाचं सर्टिफिकेटवर लिहिलंय का?" नाही म्हटलं. परत म्हणाले, "हं."

२२ मार्च

फोन घरी राहिला म्हणून बसस्टॉपवरून परत आले. आतल्या खोलीत 'ती बाई' पेपर वाचत होती, गोगलगायीच्या वेगाने. बाबा पेपरवर वाकलेले. नाकावर चष्मा. आणि हातात खिडकी — माझी नाही, माझी पर्समध्ये होती. माझ्या खिडकीहून कितीतरी जुनी, घड्याळाच्या तेलाने काळी पडलेली. बाईच्या आवाजामागून ते फट सरकवत होते.

मला बघून लपवायला गेले, मग राहू दिली.

"मला ही खिडकी ठेवूनही कधीच जमलं नाही," म्हणाले. "तुला जमेल असं वाटलं होतं."

मी तिथेच खाली बसले. चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "त्या तपासणीच्या बाई माझ्या वयाचं माणूस घेतात का गं?"