श्री. उत्तम देवरुखकर व परिवार

शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
रविवार, ५ फेब्रुवारी १९९५

चि. रसिका,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. हे वाक्य मी पूर्वीही लिहायचो, तेव्हा ते खोटं असायचं. आता खरं आहे, तर अगदीच बेचव वाटतंय. तुम्ही डोंबिवलीला मजेत असाल. लग्नघर म्हटल्यावर यतीनमामांचा आवाज बसला असेल आणि तरीही ते बोलत असतील.

तुझ्या लग्नाची पत्रिका मिळाली. पोस्टाने. पोस्टमनने ती शेजारच्या हंसाबेनच्या दारात टाकली. कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू बघून त्या हसतच घेऊन आल्या. "उत्तमभाई, किसकी शादी है?"

"मेरी बेटी की."

"अरे वाह! तो फिर आपको पोस्ट से क्यूं भेजा?"

मी नुसतं 'थँक्यू' म्हणून दार लावलं; माझी जीभ एका शब्दावर थांबली, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

पाकिटावर मामांचं वळणदार अक्षर: 'श्री. उत्तम देवरुखकर व परिवार'. मामांचा दोष नाही. एवढी पाकिटं लिहिताना हात आपोआप चालतो. पण ते वाचून मी घरभर दोन फेऱ्या मारल्या. परिवार म्हणजे मी, पाण्याचं पिंप आणि गॅलरीतलं कबुतर. बाकीचा परिवार गेली चार वर्षं त्यांच्याकडेच आहे.

थांब, पाणी आलं.

भरलं. एक दिवसाआड येतं, तेही आपल्या मर्जीने. पूर्वी टँकर यायचा तेव्हा बादल्या घेऊन जिने कोण चढायचं आणि पलंगावर घोरत कोण पडलेलं असायचं, ते लिहीत नाही. तू इथेच होतीस.

दारू सुटली आहे. किती दिवस झाले ते सांगत नाही. दिवस मोजून दाखवणारा बाप तू पुष्कळदा पाहिलायस. भाईंदरला व्यसन सोडलेल्यांची सभा असते, तिथे जातो. गप्प बसून दुसऱ्यांचं ऐकतो. माझ्यासारख्याला ही केवढी शिक्षा, विचार कर. तिथे उत्तनचा कॅजिटन भेटतो. त्याची मासेमारीची होडी आहे, आणि त्याची बाटली माझ्या आधी सुटली. मी त्याला म्हटलं, डोंबिवलीला जाऊन मुलीला भेटून येतो. तर म्हणाला, "जाव नको. चिठी लिव. तुझी दारू गेली, जीभ हाय तशीच हाय. दारात उभा ऱ्हाशील नि मेव्हन्याला कायतरी बोलशील."

म्हणून हे पत्र.

आता मुद्दा. मला तुझं केळवण करायचंय. पुढच्या रविवारी, दुपारी.

हसू नकोस. घरच्या केळवणाला आमंत्रण लागत नाही, हे मला ठाऊक आहे. आमंत्रण देऊन केळवण करतात ते नातेवाईक, शेजारीपाजारी, ऑफिसातल्या बायका. मी त्यांच्या रांगेत उभा राहतोय. कन्यादान मामा-मामी करणार, ते योग्यच आहे. मांडवात मी कुठे बसायचं, तेही विचारत नाही. मला एक जेवण वाढायचंय, एवढंच.

स्वयंपाक मीच करणार. तालीम चालू आहे. वरणभात जमतो, बटाट्याची भाजी जमते. पुऱ्या कॅजिटनने चाखल्या आणि "त्या दिवशी मी पापलेट आनतो," म्हणाला. केळवणाला पापलेट नको रे, म्हटलं, तर म्हणे, "मंग कसलं तुमचं केळवन!"

गोडाचं लिहायला घेतलं आणि पेन ठेवून उठलो. गॅलरीत गेलो, कबुतराला हाकललं, परत आलो. लिहितोच.

श्रीखंड करतोय. नुसतं केशर घालून. वेलची नाही.

रसिकाला वेलचीने पित्त होतं हो, असं मामी ज्याच्या त्याच्याकडे सांगत असेल. सांगू दे. आपण गिरगावात होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मूठभर वेलची तोंडात टाकून मी घरी यायचो, आणि समजायचो की कुणाला कळत नाही. तू दुसरीत असशील. पाडव्याला श्रीखंडाची वाटी नाकाशी नेलीस, खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "याला बाबांचा वास येतो." आलेले पाहुणे कौतुकाने हसले. मीही हसलो. आई हसली नाही.

त्यानंतर तू वेलची तोंडाला लावली नाहीस. आता या घरात वेलचीचा दाणा नाही. हंसाबेनकडे चहासुद्धा मी वेलचीशिवाय मागतो. त्या म्हणतात, "कैसे आदमी हो आप!" प्रश्न रास्त आहे.

बघ, आईचा विषय निघालाच. काढणार नव्हतो.

एक अडचण आहे. केळवणाला नवरीमुलगी एकटी येत नाही, सोबत कुणीतरी लागतं. शिवाय ओवाळायला बाई लागते. हंसाबेन तयार आहेत, कुठली साडी नेसायची तेही ठरवून बसल्यात. पण आपलं चांदीचं निरांजन मला सापडत नाही. माळा उपसला, कपाटं उपसली. ते कुठल्या डब्यात आहे हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि माझी पत्रं तिच्याकडून न फोडताच परत येतात. तो तिचा हक्क आहे. सोबत कुणाला आणायचं ते तू ठरव. मी आग्रह करत नाही. पाट मात्र दोन मांडतो. मी वाढणारा, मला पाट नको.

नाही आलीस, तर श्रीखंड हंसाबेनकडे जाईल आणि त्या वरून वेलची घालून खातील. मी सोमवारी ऑफिसला जाईन, संध्याकाळी सभेला. आणखी कुठे जाणार नाही. हे मुद्दाम लिहितोय. तू आली नाहीस म्हणून बाप पुन्हा प्यायला, असलं ओझं घेऊन तू बोहल्यावर उभी राहायची नाहीस.

आलीस, तर बेल बंद आहे, कडी वाजव. आणि दोघी आलात, तर मामांनी पाकिटावर लिहिलंय ते एका दुपारपुरतं बरोबर ठरेल.

आजवर या घरात वाट तुम्ही दोघींनी पाहिलीत. रविवारी माझी पाळी.

तुझा,
बाबा