ताई दमलेली नाही

१४ तारीख, मंगळवार

दाजी,

नमस्कार. बोटीवर तुम्ही खाऊनपिऊन खुशाल असाल असं धरून चालतो. फोनवर तुम्हीच बोलता आणि मग रेंज जाते, म्हणून पत्र. अक्षर आणि शुद्धलेखन पोटात घाला.

इकडे ठीक. बाळ नाकाने तुमच्यावर गेलंय, आवाजाने माझ्यावर. मी बाळ बघून लगेच पुढे खाणीकडे जाणार होतो. तिकडे ओळखीचा एक ट्रकवाला आहे, त्याचा पोपट फक्त मालकालाच शिव्या देतो, बाकी सगळ्यांशी अदबीने बोलतो. ते असो. अजून इथेच आहे.

का, ते सांगतो. ताईची रजा संपली तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "सगळ्याच बायका जातात कामाला, उभी राहा जरा." राहिली उभी. लाँड्रीत, हॉटेलच्या चादरींना इस्त्री करतात त्या टेबलापाशी. जेवणाच्या सुट्टीआधीच मटकन खाली बसली, ती उठेना. चादरींच्याच गाडीत घालून तिला घरी आणली.

मग तिच्या जागी मी बदली म्हणून लागलो. वाफेने हातावरची लव गेली, बाकी मजेत. मुकादमाने विचारलं, "काय झालंय तिला?" भोवती सगळी माणसं. बाईमाणसाचं दुखणं चारचौघांत कसं सांगायचं? म्हणालो, "दमलीय."

"दमत कोण नाही? मग राजीनामा देऊन टाक म्हणावं."

पुढे काही दिवसांनी तोच म्हणाला, "तुझा हात बरा बसलाय. तिची जागा घेतोस का? कायम."

दाजी, मला आजवर कुणी कायम म्हटलेलं नाही. मी लगेच नाही म्हणालो, असं नाही. घरी येऊन ताईला सांगितलं, वाटलं कडाकडा भांडेल. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घे रे. पगार घरातच राहील. माझ्याच्यानं आता काही होणार नाही." लहानपणी माझ्या हातातला अर्धा पेरू हिसकावून घेणारी बाई ही! मला भीतीच वाटली.

तुम्हाला ती 'बरी आहे' म्हणते. बरी नाही. टाके पिकलेत, पू येतो, संध्याकाळी अंग नुसतं भाजतं. बाळाला पाजताना रडते आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणते. रोज काय जाणार डोळ्यांत?

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या, "इतके दिवस झोपला होतात?" औषधं सुरू केली. मग म्हणाल्या, बाळंतपणामुळे आलेलं आजारपण असेल तर त्याची वेगळी रजा मिळते, तो तिचा हक्क आहे, आजारी आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. तशी चिठ्ठीही दिली.

काल ती मुकादमापुढे ठेवली. त्याने बघितलीसुद्धा नाही. "दमलीय म्हणालास ना?"

"टाके पिकलेत तिचे. पू येतोय. तापाने फणफणलीय," मी म्हणालो. वाफेच्या आवाजात हळू बोलून चालत नाही, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं. माझे कान लाल. शेजारच्या टेबलावरची मावशी चादरीची घडी घालत म्हणाली, "मलाही झालं होतं. मी मुकाट्यानं नोकरी सोडली." मग पुढची चादर ओढली.

मुकादमाने चिठ्ठी वाचली. "वर साहेबांकडे पाठवतो. तोवर तू बदलीच. ती आली की चालता हो."

"चालता व्हायचा मला सरावच आहे."

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाही म्हणाले तर डॉक्टरीणबाईंना घेऊन वर जाईन, त्या खेकसतात छान. पण जागा राहील म्हटलं तर ताईचा विश्वास बसत नाही. आज सकाळी उठून चपला घालायला लागली, म्हणे, जाऊन बघते जमतंय का. मी चपला लपवल्यात.

पुढच्या फोनला 'रुजू कधी होतेस' विचारू नका. पडून राहा म्हणा. तुम्ही म्हणालात म्हणून ती उठली होती, दाजी. तुम्ही म्हणाल तरच पडून राहील.

ताई बरी होईपर्यंत कुठेही न जाणारा,
तुमचा मेहुणा