अण्णा गाडी सावलीत नेऊन धुवायला लागले

अण्णा, आज सकाळी गाडी धुतली. निघोज्याच्या या सोसायटीत रविवारी दहापर्यंत पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. मी, दोन बादल्या, गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ फडकं. इतकी वर्षं चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपमध्ये रंग तपासतेय, त्यामुळे कुठला साबण रंगाला मानवतो ते मला झोपेतही सांगता येईल. पण विचारणारं कोणी नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज फडकं पिळताना तुमच्याशी बोलावंसं फार वाटलं.

दापोडीच्या आपल्या गल्लीतला तो रविवार मला लख्ख दिसतो. तुम्ही जन्मभर लेथवर काम केलेलं. हाताचं ग्रीस काढायला कारखान्यात धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा वापरायची सवय, तेच मिश्रण तुम्ही रिटायर झाल्यावर घेतलेल्या जुन्या गाडीला चोळताय. ‘‘मशिनचं ग्रीस निघतंय, तर चिखल न्हाई निघायचा व्हय?’’ अंगात बनियन, एक शेजारी नळी धरून, दुसरा नुसताच हुकूम सोडतोय, सगळी गल्ली हसतेय. मी कंपनीतल्या दोन मैत्रिणींना घेऊन आलेली, नोकरीला सहा महिनेही न झालेली दीडशहाणी. तुम्हाला बोनेटपुढे वाकवून तिरप्या उन्हात बारीक ओरखडे दाखवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘अण्णा, भुशानं रंग ओरबाडतोय, पावडरीनं चकाकी जातेय. एवढंही कळत नाही का?’’ तुम्ही बनियनला हात पुसले. ‘‘आसं व्हय? मग कशानं धुवू, ते तरी सांग.’’

मी चिठ्ठी लिहून दिली. भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं मेण उतरवतो. गाडीचाच शाम्पू आणा. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. उन्हात धुऊ नका, साबण वाळून डाग पडतात. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. फक्त आपल्या दाराशी सकाळपासून ऊन असायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आईनं पुढे सांगितलं, तुम्ही गाडी रेल्वेच्या भिंतीकडच्या झाडाखाली न्यायला लागलात. तिथं गल्लीतलं कोणी येत नसे. एकटेच धुवायचात आणि तिथूनच मला फोन करायचात.

‘‘बोनेट गरम लागतंय, थांबू का?’’ ‘‘कबुतराची शीट वाळलीया, वल्लं फडकं ठिऊ का आधी?’’ दर रविवारी काहीतरी नवं. मी एका शब्दात उत्तर द्यायचे. एकदा वैतागून म्हणाले, ‘‘चिठ्ठीत सगळं लिहिलंय ना अण्णा? वाचा की.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘व्हय, लिव्हलंय की.’’ जेवलीस का विचारलंत आणि फोन ठेवलात. त्यानंतर साबणाबद्दल कधी विचारलं नाहीत. मला तर सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते. चिठ्ठी तुम्हाला तोंडपाठ होती, हेही आईकडूनच कळलं.

नंतर एकच फोन आला. ‘‘येकदा ये की रईवारी. तुझ्या हातानं धुऊन दाव, मी बघतो.’’ मी म्हणाले, ओव्हरटाइम आहे. तुम्ही लगेच म्हणालात, ‘‘मग ऱ्हाऊ दे, काम म्हत्त्वाचं.’’ पुढच्या पंधरवड्यात तुम्ही गेलात. गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्यानं रंगाचं कौतुक केलं, आणि मला तिथं उभं राहवेना.

हे सगळं लिहिलेला हा कागद मी गाडीच्या कागदपत्रांत सरकवून ठेवणार आहे, तिथं कोणी बघत नाही. त्या मैत्रिणींसमोर मला तुमच्या बनियनची लाज वाटली होती, ओरखडे नंतर दिसले. आणि त्या रविवारी ओव्हरटाइम नव्हता, अण्णा. मी खोलीवरच होते, गॅलरीत केस वाळवत बसले होते.