मलकापूरची खोली आणि गाभण बकरी

४ नोव्हेंबर, चाकण
सकाळीच मलकापूरहून सरांचा फोटो. आपल्या दोन खोल्यांपैकी पुढची या शिकवणीवाल्या सरांना भाड्याने दिलेली, मागची वनिताबाईले. ती कापसाच्या जिनिंगात कामाले जाते. फोटोत तिच्या दाराशी बकरी बांधलेली, ओट्यावर लेंड्या. खाली सरांनी लिहिलं, 'ही खोली आहे की गोठा?' डोकं फिरलं. कंपनीच्या गेटवरूनच बाईले फोन लावला.
"भाऊ, गाभण हाये. व्याली का हलवतो."
"ते मले नका सांगू. बकरी राहीन, नाहीतर तुम्ही."
ती थांबली. काही सांगायचं होतं वाटते. मग "बरं" म्हणाली.
रूमवर सांगतलं तर अमडापूरचा गजू म्हणे, "पक्का घरमालक झाला बे तू!" बरं वाटलं. खोटं काऊन लिहू.

६ नोव्हें.
सरांकडून ओटा धुतल्याचा फोटो. खाली अंगठा. बकरी गेली. कुठं नेली, विचारलं नाही.

९ नोव्हें.
गावाहून, वडनेरहून मायचा फोन. आधी जेवला का, मग म्हणे, "बकरी इकडे आली."
कोणती बकरी?
"माहीच. वनिताले बटईनं देल्ली होती."
म्हणजे चारापाणी, राखण वनिताबाईची. पहिलं पिल्लू तिचं, दुसरं मायचं. मायचे गुडघे गेले, रानात फिरवणं होत नाही, म्हणून. मले तर मायनं सांगतलं होतं, बकरी इकली.
"मंग वनिताबाई काऊन नाही बोलली?"
"मीच शपथ घातली होती तिले. म्हटलं, माह्या पोराले बकरीची लाज वाटते."
रेंज नाही म्हणून फोन कापला. रेंज होती.

११ नोव्हें.
मशीनवर लक्ष नाही. सुपरवायझर बोलला, ऐकून घेतलं.
लाज वाटते, हे तर खरंच. शाळेत पोरं माह्या दप्तराचा वास घेऊन बें बें करत. सातवीत शाळा सुटली, ते काही सुटलं नाही. मागच्या दिवाळीत मीच मायले म्हटलं, उरलेली बकरी इकून टाक, आता आपल्या मलकापुरात खोल्या हायेत, लोक काय म्हणतीन. त्या खोल्यांच्या स्लॅबमध्ये बाकीच्या सगळ्या बकऱ्या गेल्या. हे लोकांना सांगत नाही मी.

१३ नोव्हें.
मायकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. ॲटोवाला बकरी घेईना. वनिताबाईनं हायवेच्या कडेनं मलकापूर ते वडनेर पायी आणली. ट्रकच्या हॉर्नले बकरी बुजे, बाई तिले पोटाशी धरून उभी राहे. कामाचा खाडा पडला तो वेगळाच. बकरी तेव्हापासून बसूनच. चारा हुंगते, खात नाही. "पोटात हालते का नाही, समजून नाही राह्यलं," माय म्हणे.
म्हटलं, डॉक्टर बोलाव.
"बोलावला ना. तुही वाट पाहू काय?"

१४ नोव्हें.
वनिताबाईले फोन केला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उचलल्याबरोबर म्हणे, "काय भाऊ? आता काय काढू?"
माह्या तोंडून निंगालं, "काही नाही. नळाले पाणी येते का, विचारत होतो."
"येते."
बस. एवढंच.

१६ नोव्हें.
डॉक्टर येऊन गेला. पिल्लू जिवंत हाये, पण भरवसा नाही म्हणे.
सरांचा मेसेज, 'मागची बाई दुसरी खोली बघते आहे असं ऐकलं. माझ्या भाच्याला द्या, स्वच्छ माणसं आहेत.' 'स्वच्छ' वाचून कान गरम झाले. त्यांच्या एका फोटोवर बकरी काढाले लावणारा मीच.
मायले विचारलं, खरंच खोली सोडून राह्यली का वनिताबाई?
"मले काय मालूम. तिनं एवढंच इचारलं, पिल्लू जगलं तर माह्या हिश्श्याचं कुठं बांधू? काय सांगू तिले?"
  माय फोन ठेवत नव्हती.
"सांगतो," म्हटलं.
अजून सांगतलं नाही. सरांनाही उत्तर नाही. दोन वेळा लिहिलं, खोडलं.