पुलावर डफ वाजवू नये

तांडा, मुकुटबनजवळ
२५ मार्च १९६२

ती. प्रेमदादास जमनीचा सा. न. वि. वि.

आम्ही सारे ठीक, फक्त पूल ठीक नाही. होळीला वीस जण लेंगी गात, डफाच्या ठेक्यावर पाय टाकत बापूंच्या तारेच्या पुलावर चढले. पूल असा झुलला, की तिघे नाल्यात पडले. लागलं थोडंच. पण तांड्याचे नायक म्हणतात पूल झपाटलेला आहे, पंधरा दिवसांत तोडा. बापूंनी तो स्वतः बांधला, आता तेही म्हणतात, चूक माझीच.

पूल गेला की पावसाळाभर माझी शाळा बंद. आणि आपल्या तांड्यात एकदा बंद झालेली कोणत्या पोरीची शाळा पुन्हा सुरू झाली? मला फार भीती वाटते, दादा.

तुझ्या एम.एस्सी.त याला काही औषध आहे का? की तिथे नुसते ते ‘नसलेले आकडे’च, ज्यांवर बापू दिवाळीत पोट धरून हसले होते?

रागावू नकोस, पण लगेच लिही.
तुझी जमनी

नागपूर
३० मार्च १९६२

चि. जमनीस अनेक आशीर्वाद.

झोका परत आला की आपण ढकलतो, म्हणून तो उंच जातो. पुलाचाही स्वतःचा ठेका असतो. लेंगीचा ठेका त्याच्याशी जुळला, एवढंच. मी समीकरण मांडलं, तर उत्तरात तोच नसलेला आकडा आला, ज्याचा वर्ग उणे एक. तो आला की समजायचं, वस्तू झुलणार.

बापूंना सांग, चूक त्यांची नाही. तारा एकदा तपासा. पुलावर डफ बंद, आणि ज्याने त्याने आपल्या चालीने चालायचं.

बापूंना आणि याडीला, दोघांनाही नमस्कार. मायेत कमी करू नका.
प्रेमसिंग

तांडा
९ एप्रिल १९६२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर नायक म्हणाले, कागदावरून कोण चालत जातं? तेव्हा बापू उठले. गाठ न् गाठ तपासली, डफ काठावर ठेवायला लावले आणि त्याच वीस जणांना पुलावर चढवलं. स्वतः मधोमध उभे राहिले. पण आपल्या माणसांना ठेका सोडता येतो होय? चार पावलांत पाय पुन्हा जुळायला लागले. शेवटी बापूंनी प्रत्येकाला मनात वेगवेगळं गाणं म्हणायला सांगितलं. पूल जरा हलला आणि शांत झाला. याडी रडली, मीही रडले. नायकांनी पूल राहू दिला.

आता बापू रोज विचारून राह्यले, की तो नसलेला आकडा लिहितात कसा? त्यांना तो पुलाच्या खांबावर कोरायचा आहे. मोठा काढून पाठव. शाळेत जाताना मी त्याला हात लावून जाईन.

आठवण ठेव, आणि असाच जीव लाव.
तुझी जमनी