खाडीवरचा उजेड

सोमवार, १२ जानेवारी १९५३
हिरा कोळीण आज रिकाम्या हाताने दारात. नवरा काशिनाथ शनिवारी होडी घेऊन गेला, अजून पत्ता नाही. आणि शोधायला कोणी जाईना! खाडीपलीकडे, उलव्याच्या अंगाला, संध्याकाळी उजेड दिसतो म्हणे. लाल होतो, हिरवा होतो, हलतो. तो दिसतो तेवढे दिवस, दिवसाढवळ्याही, होडी पाण्यात घालायची नाही, हा कोळीवाड्याचा नेम; काशिनाथने मोडला. आमचे हेडमास्तर म्हणतात, "उडती तबकडी असेल, पेपरात येतं ना." डोंबल!

मंगळ. १३
दिवेलागणीला बंदरावर. अहो, शुक्र! मिठागरांवरची तापलेली हवा वर चढते, तिच्यातून तारा थरथरतो, रंग बदलतो. ढग सरकला की तोच पळतोय असं वाटतं. सगळं समजावलं. म्हातारा नाखवा, वाड्याचा पुढारी, ऐकून म्हणाला, "खरा कशावरशी?" म्हटलं, उद्या याच वेळी याच जागी दिसेल. पैज!

बुध. १४
संक्रांत. तिळगूळ खिशात, मी बंदरावर. दिसला! अगदी तिथेच. टाळ्या पिटायच्याच बाकी.
नाखवा : "तुमी बोल्लाव तसाच आयला. मंग रोज येनार?"
"रोज. पाडव्यापर्यंत."
"म्हंजी पाडव्यापरत होरी नाय."
हिरा माझ्याकडे बघत होती.

गुरु. १५
पुन्हा नाखव्याकडे गेलो. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "एकाला शोधाया आनखी चार घालवू?" म्हणतो. त्याचा थोरला मुलगा असाच खाडीत गेलेला, हे सौ.कडून कळलं.
सौ. म्हणते, देवाजवळ ढग मागा. मागितले. मी, सायन्सचा मास्तर! आभाळ स्वच्छ.

शुक्र. १६
दुपारी हिरा. "मास्तर, तो ताराच हाय ना?" हो. "आयची शपत?" घेतली.
संध्याकाळी ती नि तिचा भाऊ त्याच्या होडीला कंदील लावून निघाले. कोणी अडवलं नाही, सोबतही कोणी गेलं नाही. मला पोहता येत नाही, वल्हं धरता येत नाही. नुसता काठावर उभा.
रात्र चढली, शुक्र मावळतीला उतरला. पाण्यालगत दोन ठिपके. एक शुक्र, एक हिराचा कंदील. मग एकच उरला.
नाखव्याने हळूच विचारलं, "मास्तर, यो कंचा?"