थोरल्याच्या नावे एक निरोप

मी, वय एकसष्ट, धंदा रॉक बँडची गाडी चालवणे व कार्यक्रमात आवाजाचा मिक्सर सांभाळणे, तपासण्यांसाठी इस्पितळात दाखल. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि माझाही इतक्यात जाण्याचा विचार नाही. उन्हाळ्यातला परदेश दौरा ठरला आहे. तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाने नव्हे तर आपल्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या मोठ्या बहिणीला द्यावे. बँडमधले दोघे भाऊ, गाणारा थोरला आणि गिटार वाजवणारा धाकटा, तिचेच मुलगे. म्हणजे मी त्यांची सख्खी मावशी. घर मिळताच ती पडदे बदलणार हे मला ठाऊक आहे. माझी हरकत इथेच नोंदवते.

२. गाडी ड्रमवाल्याला. अठरा वर्षांत तिने अकरा देश पाहिले. दुसरा गिअर अडतो, तेव्हा शिव्या न देता क्लच दोनदा दाबावा. सीटखाली ओले मोजे कोंबण्याची त्याची सवय मी कधी माफ केली नाही आणि या कागदानेही करत नाही.

३. मिक्सर, वायरी, माइकचे स्टँडही त्यालाच. वायर कोपराभोवती गुंडाळून आतून तोडणाऱ्याला यातल्या कशालाही हात लावू देऊ नये. ज्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने फ्यूज उडाल्याचे खापर माझ्यावर फोडले, तिथे परत गेलात तर आधी त्याचे वायरिंग तपासा.

४. दोघा भावांना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले, आणि मला साक्षीला हे दोघेच हवेत. त्या निमित्ताने तरी एका टेबलाशी बसतील.

सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कार्यक्रमात थोरल्याने न विचारता शेवटचे गाणे बदलले. धाकटा गिटार खाली ठेवून भर कार्यक्रमातून निघून गेला. तेव्हापासून अबोला. गाडी एक, मंच एक, पण बोलायचे ते माझ्यामार्फत. थोरला म्हणायचा, "त्याला विचार, गिटार वाजवतोय की पत्रा कापतोय?" मी धाकट्याला सांगायची, दादाला तुझा आवाज जरा कमी हवाय. धाकटाही काही कमी नव्हता. दोघांच्या बोलण्याला साखर लावता लावता माझी जीभ झिजली, पण दौरे चालू राहिले.

५. आता खरे सांगायचे ते. तीन वर्षांपूर्वी, दौऱ्यातल्या एका सुट्टीच्या दुपारी, कपडे धुण्याच्या दुकानात आम्ही मशीन थांबायची वाट बघत होतो. धाकटा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, दादाला सांग, त्या दिवशी मी निघून जायला नको होतं. माझं चुकलं."

हा निरोप मी पोचवला नाही. विसरले नाही, मुद्दाम पोचवला नाही. हे दोघे बोलू लागले तर माझ्याकडे कोण येणार, अशी भीती वाटली. नवरा नाही, मूल नाही. दिवसातून दहा वेळा "मावशी, त्याला सांग" ऐकायची सवय झाली होती. धाकट्याने आठवडाभर वाट पाहून विचारले, तेव्हा मी म्हणाले, दादा काही बोलला नाही. ते खोटे नव्हते, म्हणून जास्तच वाईट. मला याची फार लाज वाटते.

सबब तो निरोप, एक शब्दही न बदलता, थोरल्याच्या नावे करते. निरोप म्हणजे मालमत्ता नव्हे, त्याने साक्षीला बाध येत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे. धाकट्या, तुझी माफी मागते. मी दौऱ्यावर असेन वा नसेन, यापुढे निरोप घेणे बंद.

६. हा कागद सह्यांपूर्वी थोरल्याने धाकट्यासमोर मोठ्याने वाचावा.

सह्यांपूर्वी वाढवलेली नोंद: थोरल्याने कागद वाचला. पाचव्या कलमापाशी दोनदा थांबला. मग दोघांनी मला चाकाच्या खुर्चीत बसवून, माझ्याच खोलीतून, वकीलबाईंसकट बाहेर काढले. वीस मिनिटांनी दार उघडले. काय बोललात म्हणून विचारले, तर थोरला म्हणाला, "मावशी, ते आमच्या दोघांतलं आहे."

वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. सह्या सगळ्यांसमक्ष झाल्या.

लिहून देणार: मावशी
साक्षीदार: १. थोरला २. धाकटा
ठिकाण: इस्पितळ, तिसरा मजला, खोली क्रमांक बारा
तारीख: १४ मार्च २०२३